प्रवासाचे कारण

अण्णा गाडीत शेजारी बसले की बोलत राहतात. माझ्याशी नाही, रस्त्याशी. अशोकस्तंभावरून गंगापूर रोडला लागलो की सुरू होतं. "डावीकडे शाळेचं फाटक. पुढच्या रिक्षाचा ब्रेकलाइट बंद आहे. त्या टेम्पोच्या खालून पाय दिसतायत, माणूस बाहेर येईल. मागचा बुलेटवाला घाईत आहे." आवाज हळू, एका लयीत, जपाला बसल्यासारखा. गाडी मी चालवत असते. स्टेअरिंगवर बसलेल्या लेकीला बाप सूचना देतो, त्यातलाच हा प्रकार, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण 'ब्रेक मार', 'हळू घे' असं ते कधी म्हणत नाहीत. जे दिसतंय ते सांगतात आणि त्यातून पुढच्या घटकेला काय होऊ शकेल ते सांगतात, एवढंच.

अण्णा पोलीस खात्यात चालक होते. १९८६ ला भरती झाले, २०१९ ला निवृत्त. त्या ३३ वर्षांतली निम्मी नोकरी नाशिक शहरात गेली, निम्मी जिल्ह्यातल्या तालुक्यांत. जीप, सुमो, बोलेरो, जवानांना बंदोबस्ताला नेणारी ४०७, सगळं हाताखालून गेलं. आई सांगते, बोलण्याची ही सवय त्यांना आधी नव्हती. ती २००१ च्या पावसाळ्यात लागली.

तेव्हा त्यांची नेमणूक तालुक्याच्या एका ठाण्यात होती. आठवडे बाजाराचा दिवस, दिवेलागणीची वेळ, भुरभुर पाऊस. बाजारतळावर मारामारी चाललीय असा निरोप आला. अंतर ३ किलोमीटर. फौजदार साहेब शेजारी बसले, मागे चार शिपाई चढले आणि अण्णांनी सायरन लावून जीप काढली. चौफुलीवर डाव्या बाजूने आलेली एसटी सायरन ऐकून थांबली. तिच्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून 'जा' अशी खूण केली. अण्णा निघाले. एसटीच्या पलीकडच्या कडेने, एम-८० ला दुधाचे कॅन लावलेला दूधवाला पुढे आला. एसटी का थांबली ते त्याला दिसत नव्हतं आणि एसटीच्या पलीकडचं अण्णांना काही दिसत नव्हतं.

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बाजारतळावरची मारामारी तोवर लोकांनीच सोडवली होती.

मी हिशेब तपासण्याचं काम करते, त्यामुळे आकडे मांडायची सवय आहे. एकदा हाही हिशेब मांडला. ३ किलोमीटर जायला ताशी सरासरी ४० च्या वेगाने साडेचार मिनिटं लागतात. सरासरी ६० धरली तर तीन मिनिटं. म्हणजे त्या संध्याकाळी अण्णांच्या हातात वाचवण्यासारखं होतं ते दीड मिनिट. कधीकधी दीड मिनिटाने माणूस वाचतो, हे मला मान्य आहे. कोणी गळफास घेत असेल, कोणाच्या दारात कोयते घेऊन माणसं उभी असतील, तर त्या घरासाठी दीड मिनिट फार मोठं असतं. म्हणूनच ते मिळवायचं कसं, हे कोणीतरी शिकवायला हवं होतं.

अण्णांवर भादंविच्या २७९ आणि ३३८ कलमांखाली, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा, गुन्हा दाखल झाला. खटला सहा वर्षं चालला, शेवटी ते निर्दोष सुटले. खात्याची चौकशी वेगळी झाली, तीत वेतनवाढ रोखली गेली. सायरन चालू होता का? होता. वायपर चालत होते का? होते. वेग किती? अंदाजे ५५. लायसन्स चालू आहे का? आहे. या प्रश्नांचे कागद आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत अजून आहेत, मी ते पुन्हा पुन्हा वाचले आहेत. सायरन लावून चौफुली कशी ओलांडायची, हे या माणसाला कोणी, कधी, कुठे शिकवलं होतं, हा एक प्रश्न त्यात कुठेच नाही.

अपघातानंतर दोन वर्षांनी अण्णा त्या दूधवाल्याच्या घरी गेले. मी दहावीत होते, हट्टाने सोबत गेले. त्याच्या आईने चहा दिला. तो बाजेवर बसला होता, अण्णांच्याच वयाचा. तो रागावला नाही, आम्हाला घालवूनही दिलं नाही. तो म्हणाला, "साहेब, आवाज आला होता हो. पण कुठून आला ते नाही समजलं." परतीच्या एसटीत अण्णांनी ते वाक्य तीन-चार वेळा स्वतःशीच म्हटलं.

सायरन वाजवणाऱ्याला वाटतं की आपण सगळ्यांना दिसलो, सगळ्यांना कळलो. ऐकणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की कुठेतरी काहीतरी येतंय. दोन कानांवर आवाज पडण्यात जो बारीक फरक असतो त्यावरून आपण दिशा ओळखतो. हेल्मेट, रेनकोटची टोपी, गाडीच्या बंद काचा, एसीची घरघर, यांनी तो फरक पुसला जातो. शिवाय गल्लीत आवाज भिंतींवर आपटून उलटीकडूनही येतो. रविवार कारंजावर उभं राहून हे कोणीही अनुभवू शकतं. रुग्णवाहिका मेनरोडकडून येत असते आणि लोक भलतीकडे माना वळवतात. सायरनच्या आत बसलेल्या माणसाचीही एक अडचण असते : त्याला दुसऱ्या गाडीचा सायरन ऐकू येत नाही. मोठ्या दुर्घटनेच्या वेळी पोलीस, बंब आणि रुग्णवाहिका तीन दिशांनी एकाच चौकाकडे निघतात. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेलच्या चौकात खासगी बस पेटली, १२ माणसं गेली. त्या दिवशी सकाळी बातम्या बघताना अण्णा सारखे एकच विचारत होते, "आत जायची वाट कोणती ठेवली होती? बाहेर पडायची कोणती?" निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्यांना आधी वाटाच आठवल्या.

आणि सायरन चालवणाऱ्यावरही चढतो. अण्णांचा शब्द आहे, 'अंगात येणं'. आवाज सुरू झाला की पाय आपोआप दाबला जातो, नजर समोर एका बोळात गेल्यासारखी आखडते, दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं. हा माणसाच्या शरीराचा धर्म आहे, त्यात कोणाचा दोष नाही. घाबरलेल्या किंवा पेटलेल्या शरीराची नजर अरुंद होते. तिला पुन्हा रुंद करायला काहीतरी युक्ती लागते, आणि ती आधी सराव करून अंगात मुरवावी लागते.

अण्णांनी स्वतःसाठी ती युक्ती शोधली : बोलायचं. मोठ्याने. डावीकडे काय, उजवीकडे काय, एसटीच्या मागे काय असू शकेल. बोलायचं म्हणजे आधी बघावं लागतं. बोलताना श्वास चालू राहतो. सोबतचे शिपाई सुरुवातीला एकमेकांकडे बघायचे, नंतर त्यांनाही सवय झाली. पुढे पुढे तर शेजारी बसलेला अंमलदार डावी बाजू बोलायचा आणि अण्णा उजवी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा धाकटा मुलगा पोलीस चालक भरतीची तयारी करू लागला. त्याच्यासाठी काही वाचायला मिळतं का म्हणून मी एका रात्री शोधत होते. तेव्हा लंडनच्या पोलिसांच्या हेंडनमधल्या ड्रायव्हिंग स्कूलबद्दल वाचलं. १९३० च्या दशकात ते सुरू झालं, कारण पोलिसांच्याच गाड्यांचे अपघात फार होत होते. मोटारशर्यतीत नाव काढलेले लॉर्ड कॉटनहॅम १९३७ मध्ये तिथे मदतीला आले. शर्यतीत धावलेल्या माणसाने पोलिसांना वेग शिकवला असेल असं कोणालाही वाटेल. त्याने क्रम शिकवला. त्यातून जी पद्धत पुढे घडत गेली तिचा आजचा क्रम असा : आधी माहिती, मग रस्त्यावरची जागा, मग वेग, मग गिअर, मग उचल. आणि शिकणाऱ्याने गाडी चालवताना काय करायचं? जे दिसतंय ते मोठ्याने बोलत जायचं. पुढे काय होऊ शकेल तेही बोलायचं.

मी लॅपटॉप मिटला. अण्णा आत झोपले होते. जगातल्या एका पोलीस दलाने अनेक दशकांपूर्वीच वर्गात बसवून शिकवायला घेतलेली गोष्ट माझ्या वडिलांनी एकट्याने, एका माणसाच्या पायाच्या मोबदल्यात शिकली होती. त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आपल्याकडे कायद्याने वाट दिलेली आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत तातडीच्या वाहनांचा प्राधान्यक्रम ठरवलेला आहे : आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. निकडीच्या वेळी या गाड्या लाल सिग्नल ओलांडू शकतात, वेगमर्यादा ओलांडू शकतात, पण पुरती खबरदारी घेऊन आणि इतरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी स्वतःवर घेऊन. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आलं. अशा गाडीला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे वाट देणाऱ्याचं कर्तव्य नीट लिहिलेलं आहे. वाट घेणाऱ्याच्या बाजूला 'खबरदारी' हा एक शब्द आहे, आणि तो शब्द हातापायांत कसा उतरवायचा हे कायदा सांगू शकत नाही. ते मैदानात शिकावं लागतं.

ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे पोलीस चालकाचं वागणं न्यायालयात आता सामान्य चालकाच्या पट्टीने मोजत नाहीत. ठरवून दिलेलं प्रशिक्षण घेतलेला, सक्षम आणि काळजी घेणारा पोलीस त्या जागी असता तर त्याने काय केलं असतं, ही पट्टी लावतात. यात प्रशिक्षण ही चालकाची ढालही होते आणि त्याच्यावरचं बंधनही. शिकवल्याप्रमाणे चालवलं तर कायदा पाठीशी, शिकवलेलं सोडून चालवलं तर जबाबदारी त्याची. अण्णांच्या पेटीतले कागद आठवतात ते इथे. त्यांना कोणत्याही पट्टीने मोजलं असतं तरी चाललं असतं, पण ती पट्टी आधी त्यांच्या हातात द्यायला हवी होती.

आता त्र्यंबक रोडबद्दल सांगते. नाशिककराला हा रस्ता शाळेच्या सहलीपासून ठाऊक असतो. याच रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. १९०६ साली पुण्यात भांबुर्ड्याला सुरू झालेली ही पोलीस शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली आणि तेव्हापासून राज्याचे फौजदार इथे घडतात. दीक्षान्त संचलनाच्या दिवशी मुलांचे आईवडील गावोगावहून येतात, मुलाच्या खांद्यावरच्या ताऱ्यांना हात लावून बघतात. त्याच रस्त्याने पुढे सातपूर लागतं. तिथे महिंद्राच्या कारखान्यात बोलेरो तयार होते, स्कॉर्पिओ तयार होते. राज्यभरातल्या ठाण्यांसमोर उभ्या असलेल्या कितीतरी पोलीस गाड्या या एका रस्त्यावरून निघालेल्या आहेत. मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, कारखान्यात डिझेल इंजिनांचे भाग बनतात, ते वेगळंच. पोलीस अधिकारी घडतो तो रस्ता आणि पोलिसाची गाडी घडते तो रस्ता एकच. माणूस आणि गाडी यांना एकत्र घडवणारं मैदान याच रस्त्याला का नसावं, असं मला तिथून जाताना प्रत्येक वेळी वाटतं.

कारण बोलेरो शिकावी लागते. ती उंच गाडी आहे, मागे पाट्याच्या स्प्रिंगा आहेत, खेड्यातल्या रस्त्याला दणकट. पण पाच-सहा माणसं, लाठ्या, ढाली, हेल्मेटं, पाण्याचे जार असं सगळं भरल्यावर अचानक वळवली तर ती झुकते, आणि ते झुकणं पहिल्यांदा अनुभवायची जागा गर्दीचा चौक असू नये. ब्रेकचंही तसंच. जीपवर शिकलेल्या पिढीच्या पायात ब्रेक मारत-सोडत गाडी आवरण्याची सवय भिनलेली होती, कारण चाकं लॉक झाली की गाडी घसरते. मग एबीएसच्या, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या, गाड्या आल्या. त्यात ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि गाडी स्टेअरिंगने वाचवायची. पेडल पायाखाली थरथरतं. ते काय आहे हे कोणी सांगितलं नसेल तर माणूस दचकून पाय उचलतो. अण्णांनी पहिल्यांदा उचलला होता. रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं.

वेगाचं गणितही फळ्यावर कळतं पण पायाला कळत नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जाणारी गाडी, धोका दिसल्यापासून एक सेकंद भानावर यायला धरून, साधारण २० मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट केला, ८० केला, तर अंतर दुप्पट होत नाही, ते ५८ मीटरच्या आसपास जातं. पावसात त्याहून जास्त. नाशिकच्या द्वारका चौकात ५८ मीटर मोकळे कधी मिळतात? मी जोशी सरांच्या क्लासमध्ये हे सूत्र पाठ केलं होतं, वेगाचा वर्ग वगैरे. त्याचा अर्थ मला एका रिकाम्या रस्त्यावर अण्णांनी वीट ठेवून गाडी थांबवायला लावली तेव्हा कळला. वीट चाकाखाली गेली होती.

२०२१ पासून राज्यात ११२ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाची यंत्रणा सुरू झाली. गाडीत स्क्रीन आला, त्यावर कॉल येतो, गाडी कुठे आहे ते कंट्रोलला दिसतं, पोहोचायला किती मिनिटं लागली त्याची नोंद होते. ही चांगली गोष्ट आहे. रात्री दोन वाजता घाबरलेल्या बाईला दारात पोलीस दिसणं याची किंमत मी कधीच कमी लेखणार नाही. पण मिनिटं मोजायला लागलो की ती मिनिटं ज्याच्या हातात आहेत त्याच्यावर ओझं येतं. त्याला घड्याळ दिलं तसं कौशल्यही द्यायला हवं. आणि दर वेळी चालक पदावरचाच माणूस स्टेअरिंगवर असतो असंही नाही. अण्णा रजेवर असले की ज्या शिपायाला गाडी येते तो चाव्या घ्यायचा. त्या पोराला गाडी येत असायची, पण सायरन लावून चालवायची गाडी ही वेगळी विद्या आहे.

आता पैशांचं. माझा खरा मुद्दा हाच आहे, कारण माझी भाषा हिशेबाची आहे.

नव्या गाड्या कशा येतात ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कधी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, कधी राज्याच्या तरतुदीतून, कधी एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या पैशांतून. मैदानात गाड्या ओळीने उभ्या राहतात, बॉनेटवर झेंडूचे हार, नारळ फुटतो, हिरवा झेंडा दाखवला जातो. गाड्या हव्यातच. अण्णांनी तळ गंजलेल्या जीपमध्ये पाय ओले करत नोकरी केली आहे, त्यामुळे नव्या गाडीचा आनंद मला समजतो. पण गाडी हा भांडवली खर्च आहे, तो डोळ्यांना दिसतो. तिच्यावर बसणाऱ्याचा सराव हा महसुली खर्च. डिझेल जळून जातं, टायर झिजतात, पाच दिवस जातात आणि शेवटी दाखवायला वस्तू उरत नाही. ज्या खर्चाची वस्तू उरत नाही तो प्रत्येक कार्यालयात सगळ्यात आधी कापला जातो. हे मी माझ्या कामात रोज बघते.

तरी आकडा किती? मी माझ्यापुरता मांडला. एका चालकाला पाच दिवस, रोज ६० किलोमीटर सराव, म्हणजे ३०० किलोमीटर. लिटरला १२ धरले तर २५ लिटर डिझेल, ९० च्या भावाने २,२५० रुपये. नवी बोलेरो १० लाखांच्या आसपास पडते. नुसतं इंधन पाहिलं तर एका गाडीच्या किमतीत ४०० हून अधिक चालकांचा सराव होतो. टायर, गाडीची झीज, शिकवणाऱ्याचा मेहनताना, मैदानाची डागडुजी धरून खर्च चौपट झाला असं समजू. तरीही १०० हून अधिक चालक. एका गाडीच्या किमतीत.

खरा महाग भाग डिझेल नाहीच. महाग आहेत ते पाच दिवस. चालकाला पाच दिवस ठाण्यातून सोडायचं म्हणजे त्याच्या जागी कोण? नाशिकचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. रंगपंचमीला रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद), मग सप्तशृंगीची चैत्र यात्रा, श्रावणी सोमवारी त्र्यंबक, गणपती, नवरात्रात कालिकेची यात्रा, मधे निवडणुका आणि दौरे. अण्णांना हक्काची रजा मिळवायला दोन-दोन महिने लागायचे, प्रशिक्षणाला कोण सोडणार? म्हणून निधी द्यायचा तर त्यात बदली चालकाचाही पैसा हवा. नाहीतर कागदावर वर्ग होतो, हजेरीवर सह्या होतात आणि माणूस बंदोबस्तातच असतो.

हा पैसा आणायचा कुठून, याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९५९ मध्ये पोलीस प्रशिक्षणासाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि त्याच्या निधीत बरीच वर्षं दंडाच्या रकमेवरचा अधिभार, वाहतुकीच्या दंडासकट, जमा होत गेला. रस्त्यावर चुकणाऱ्याचा पैसा रस्ता सांभाळणाऱ्याला शिकवायला. आपल्याकडे ई-चलनाचा दंड राज्याच्या तिजोरीत जातो. त्यातला ठरावीक वाटा चालकांच्या प्रशिक्षणाला बांधून द्यावा, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. नंतर मन बदललं. ज्याने दंड करायचा त्याचंच शिक्षण दंडावर अवलंबून ठेवलं, तर उद्या दंड कमी झाला की शिक्षण बंद, आणि शिक्षण चालू राहावं म्हणून दंड वाढवायचा मोह. रस्ते सुधारले आणि लोक शिस्तीने वागू लागले तर चालकांचं शिकणं थांबणार, हे पटत नाही. त्यापेक्षा अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष हवं. गाडीखरेदीच्या रकमेतला ठरावीक हिस्सा चालकासाठी, आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही असा. कंपन्यांनाही माझी विनंती आहे. पुढच्या वेळी पाच गाड्या द्यायच्या असतील तर चार द्या, आणि पाचवीच्या पैशांत तिच्या बहिणी चालवणाऱ्यांना शिकवा.

सिंहस्थ आला आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ही ध्वजारोहणाची तारीख आहे आणि २०२७ च्या ऑगस्टमध्ये अमृतस्नानं सुरू होतात. बंदोबस्ताला राज्यभरातून गाड्या आणि चालक येतात. २०१५ च्या पर्वात अण्णांच्या मागे-पुढे लांबलांबच्या जिल्ह्यांचे चालक होते. त्यांना पंचवटीतले बोळ, दहीपुलाचा उतार, रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्ल्या, काही ठाऊक नव्हतं. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी नाशिक विसरलेलं नाही. गर्दीतून तातडीची गाडी काढणं हे वेगाचं काम नाही, ते मुंगीच्या पावलाने जाण्याचं काम आहे. एक माणूस पुढे चालत, हात वर करून, गाडी त्याच्या मागे, क्लच अर्धा दाबलेला, आणि मागे यायची वाट आधीच राखलेली. अण्णा म्हणतात, पोलीस चालकाची खरी परीक्षा रिव्हर्समध्ये होते. हे शिकवायला धावपट्टी लागत नाही. एक मैदान, शंभर माणसं, दोन दिवस. पर्वाच्या एवढ्या मोठ्या खर्चात तेवढं बसवता येईल, असं मी मनापासून मानते.

खालच्या वहिनींचा मुलगा भरती झाला. कौशल्य चाचणीत त्याने आठचा आकडा नीट काढला, रिव्हर्सही छान घेतला. प्रशिक्षणावरून सुट्टीत आला तेव्हा अण्णांच्या पाया पडायला आला आणि म्हणाला, "काका, थोडं दाखवाल का?"

म्हसरूळच्या पुढे एक लेआऊट पडून आहे. आतले रस्ते झालेत, घरं अजून नाहीत. रविवारी पहाटे आम्ही तिघं तिथे गेलो. अण्णांनी रंगाचे रिकामे डबे नेले होते, ते २० पावलांवर एक असे मांडले. एका कोपऱ्यात माझी चुलतबहीण तिची स्कूटर घेऊन एका उभ्या टेम्पोआड थांबली होती, अण्णांनी सांगून ठेवल्याप्रमाणे. मुलगा वेगात आला, टेम्पोपाशी हॉर्न वाजवून निघून जाऊ लागला.

"थांब," अण्णा म्हणाले. "टेम्पोमागं काय आहे?"

"काही दिसलं नाही, काका."

"दिसलं नाही ते बोल. 'टेम्पोमागं दिसत नाही' हेही मोठ्यानं बोलायचं. बोललास की पाय आपोआप सैल होतो. परत ये."

तो परत आला. चौथ्या खेपेला त्याचा आवाज फुटला. "डावीकडे टेम्पो. पलीकडचं दिसत नाही. वेग कमी. थांबतोय. बघतोय. स्कूटर आहे, ताईंनी मला बघितलंय. निघतोय." अण्णा मागच्या सीटवर बसले होते, ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

नऊ वाजता ऊन चढलं तेव्हा आम्ही आवरलं. घरी आल्यावर अण्णांनी कपाटातून एक जुनी वही काढली. सरकारी नाही, त्यांची स्वतःची. ठाण्याच्या नोंदवहीत लिहिलेलं ते रोज रात्री घरी पुन्हा या वह्यांमध्ये उतरवायचे, अपघातानंतर लागलेली ही दुसरी सवय. मी त्या सगळ्या चाळल्या आहेत. प्रवासाचे कारण या रकान्यात वर्षानुवर्षं तेच शब्द : गस्त, कॉल, बंदोबस्त, आरोपी ने-आण, साहेब मीटिंग, वर्कशॉप. इंधनाचा हिशेब लागायला हवा, म्हणून कारण मान्य होणारंच लिहावं लागतं.

त्यांनी पट्टीने रेघ मारली. तारीख घातली. सुरुवातीचं किलोमीटर, शेवटचं किलोमीटर. मग पेन थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि पुढच्या रकान्यात लिहिलं : सराव. त्याच्या पुढे, इंधन : ४ लिटर, स्वखर्चाने.